कातळखोलचे पेटीमास्तर

कातळखोलला रस्ता नव्हता, वीज नव्हती, एसटी नव्हती आणि भांडणं मात्र आजच्यापेक्षा जास्त होती, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते विचारू नका. मला माझ्या थोरल्या चुलत्यानं सांगितली, त्याला त्याच्या आजानं, आणि त्या आजानं म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. आमच्या घराण्यात थापा मारायची खोड जुनी आहे, तेव्हा जिथं मलाच शंका असेल तिथं मी ‘असं म्हणतात’ म्हणेन. तुम्ही काय ते समजून घ्या.

गाव दोन वाड्यांचं. वर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, सडावाडी. खाली ओढ्याच्या कडेला तळवाडी. ओढ्याला आम्ही पऱ्या म्हणतो. मधल्या उतारावर देवीचं देऊळ आणि देवळाच्या धर्मशाळेत शाळा. दोन्ही वाड्यांचं एकमेकींशी कधी पटलं नाही. कारण विचाराल तर मान. शिमग्याला देवीच्या पालखीला पहिला खांदा कुणाचा, पहिला नारळ कुणाचा, ढोलावर पहिली टिपरी कुणी मारायची, सगळं ठरलेलं, आणि जे ठरलंय ते बरोबर ठरलंय का यावर वर्षभर वाद. मान ही आमच्याकडे फार मोठी चीज आहे बाबांनो. माणूस जेवण सोडेल, पण मान सोडणार नाही.

पोरं शाळेत यायची ती आपापली वाडी बरोबर घेऊनच. सडावाडीची एका भिंतीला, तळवाडीची समोरच्या भिंतीला, आणि मध्ये एवढी जागा की बैलगाडी हाकावी. एकीकडचा चुकला की दुसरीकडचे खिदळायचे. येतील ते मास्तर हातात वेताची छडी घेऊन यायचे, दोन्हीकडच्यांना सारखं बडवायचे आणि बदली मागून जायचे.

मग आले दिगंबर मास्तर. आडनाव सडावाडी एक सांगते, तळवाडी दुसरं सांगते, म्हणून आपण ते सोडून देऊ. खाडी ओलांडून होडीनं आले. एक ट्रंक, एक छत्री आणि गळ्यात गाणं. माणूस दिसायला काही विशेष नव्हता. बुटका, जरा पोट सुटलेला, आणि रागावला की शिंकायचा, असं म्हणतात.

मास्तरांना गाण्याशिवाय शिकवताच येत नसे. पाढे चालीत, नद्या चालीत, बेरीज-वजाबाकीही चालीत. त्यांनी गावाला सांगितलं, शाळेला एक पेटी घेऊ या. पेटी म्हणजे वाजवायची, बाजाची पेटी. गाव खूश झालं. दोन्ही वाड्या तयार झाल्या. मग कुणीतरी विचारलं की शाळा सुटल्यावर पेटी कुठल्या वाडीत ठेवायची. झालं. त्या सभेत दोघांची डोकी फुटली आणि पेटीचा विषय तिथंच बुडाला.

मास्तर शिंकले. म्हणाले, राहू द्या. पेटी आपण इथंच करू.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरांना कामाला लावलं. तळवाडीच्या पोरांनी खाडीवरच्या शिंपल्यांचा चुना आणला, सडावाडीच्यांनी चुलीवरची काजळी खरवडून आणली. कुणाचं सामान चांगलं यावरून मारामारी झाली, ते सांगायला नकोच. धर्मशाळेची मागची भिंत लांबलचक होती. तिच्यावर मास्तरांनी पोरांच्या हातून पट्ट्या रंगवून घेतल्या. पांढरी, काळी, पांढरी, काळी, मग दोन पांढऱ्या शेजारी शेजारी, अगदी पेटीला असतात तशा, पण एकेक पट्टी पोराच्या छातीएवढी रुंद. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेटी झाली. पोरांचे हात, तोंडं, सदरे सगळं काळंपांढरं. आयांनी मास्तरांना मनसोक्त शिव्या दिल्या.

आता पेटी झाली, पण वाजणार कशी? तर दिवेलागणीच्या वेळी मास्तर वाड्यांमधून फिरायला लागले. एकदा वर, एकदा खाली. कुणाशी बोलत नसत. गडग्याशी, म्हणजे दगडी कुंपणाशी, नुसते उभे राहून ऐकायचे. पोरं खेळून घरी परततात आणि अंगणातूनच आईला हाक मारतात ना, ‘आये’ म्हणून, ती हाक ते ऐकायचे. आईला हाक मारताना पोरगं कुणाची नक्कल करत नाही, तो त्याचा स्वतःचा सूर असतो, असं त्यांचं म्हणणं. त्या सुरावरून त्यांनी प्रत्येकाला आपापली पट्टी दिली. तू या पट्टीखाली उभा राहा, तू त्या. प्रत्येकाला एकच सूर. दुसरा लावायचा नाही.

आणि इथं घोटाळा झाला. सूर काही वाडी बघून गळ्यात बसलेला नसतो. सडावाडीच्या पोराच्या शेजारी तळवाडीची पोरगी, तिच्या शेजारी परत सडावाडीचा, मग दोघे तळवाडीचे. मधली बैलगाडीची वाट पार बुजून गेली. दोन्ही वाड्यांची मोठी माणसं तावातावानं शाळेत आली. आमची पोरं त्यांच्या पोरांना खेटून का उभी? मास्तर म्हणाले, ‘त्याचा सूर तिथं आहे. मी काय करू?’ माणसं परत गेली आणि वाटेत एकमेकांशी भांडली.

आणखी एक गंमत. काळ्या पट्टीखाली उभं राहायला कुणी तयार होईना. पोरं रडायला लागली, आम्ही काय काळे आहोत? मास्तरांनी सांगितलं, माझा स्वतःचा सा काळी चारचा आहे, गवई काय रंग बघून सूर लावतात? दुसऱ्या दिवसापासून गावभर पोरं छाती काढून सांगत सुटली, मी काळी चार, मी काळी पाच. पांढऱ्या पट्टीवाल्यांनी घरी जाऊन रुसवे धरले.

आधीच्या मास्तरांची वेताची छडी शाळेत पडून होती. दिगंबर मास्तर ती हातात घेऊन भिंतीवरच्या पट्टीला लावायचे. छडी ज्या पट्टीला लागेल, तिच्याखालचं पोर आपला सूर द्यायचं. छडी लागली की रडायचं, एवढंच आमच्या गावाला माहीत होतं. छडी लागली की गातात, हे नवीन होतं. पोरांनी विचारलं, मास्तर, तुमची पट्टी कुठली? ते म्हणाले, मी भाता. हवा तेवढी माझी. तेव्हापासून त्यांचं नाव पेटीमास्तर पडलं.

पहिल्यांदा वाजली ती बायकांची जात्यावरची चाल. मग शिमग्यातल्या नमनाची चाल. पाण्याला चाललेल्या बायका हंडे घेऊन धर्मशाळेच्या दारात थांबायच्या. नांगराचे बैल थांबायचे, असं म्हणतात. आमचे बैल तसेही कुठंही थांबतात, पण ते असो. शाळा सुटल्यावर, पोरं घरी गेल्यावर, भिंत एकटीच हळूहळू वाजायची, असंही म्हणतात. माझ्या चुलत्याच्या आजानं ऐकली होती म्हणे. मी त्याची जबाबदारी घेत नाही.

पण एक मात्र खरं. पोरांना एकमेकांवाचून करमेना. एक जण जरी आला नाही तरी चालीला भोक पडायचं, आणि ते भोक त्यांनाच खुपायचं. कुणी तापानं पडलं की पोरंच त्याच्या घरी पळायची, कधी उठणार म्हणून. सडावाडीचा पोरगा तळवाडीच्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकायचा, ते असं. तिथली भाकरी खाऊन यायचा आणि आपल्या आईला सांगायचा की त्यांची भाकरी मऊ असते. मग घरी मार.

आता खरी गोष्ट सुरू होते. कान देऊन ऐका.

तळवाडीच्या अगदी शेवटाला, पऱ्याच्या पलीकडे, धाकूचं घर होतं. गरीब, अबोल माणूस. बायको जानकी, आणि एकच पोर, सुभी. सुभी आठ-नऊ वर्षांची असेल. पेटीत तिची पट्टी काळी, सूर मध्यम. सप्तकाच्या मधोमध. तीन सूर अलीकडे, तीन पलीकडे. पोरगी बारीक होती, पण सूर असा सरळ यायचा की मास्तर छडी उचलायचं विसरायचे.

त्या साली शिमग्याला पालखी सड्यावरून खाली उतरत होती. पुढच्या खांद्याचा मान सडावाडीचा. उतारावर त्यांच्या खांदेकऱ्याचा पाय बारीक खड्यावरून घसरला आणि पालखी कलली. देवी जमिनीवर यायची, एवढंच बाकी होतं. धाकू तिथं गर्दीत उभा होता. त्याच्या घराण्याला पालखीच्या खांद्याचा मान नाही, कधीच नव्हता. पण त्यानं विचार केला नाही. पुढं झाला आणि दांड्याखाली खांदा घातला. पालखी सावरली. पालखी वाचली आणि धाकू बुडाला.

गावकी बसली. गावकीचे प्रमुख आत्माराम गावकर. माणूस दुष्ट नव्हता, हे आधीच सांगतो. पण रीत म्हणजे रीत, हा त्यांचा खाक्या. सडावाडी म्हणाली, आमचा मान हिसकावला. तळवाडी म्हणाली, हा आमच्यातला, ह्यानं आम्हाला खाली बघायला लावलं. आज खांदा दिला, उद्या हक्क सांगेल. गावाच्या जन्मापासून दोन्ही वाड्यांचं कुठल्याच गोष्टीवर एकमत झालं नव्हतं, ते त्या दिवशी झालं. धाकूचं घर वाळीत टाकायचं. मोठी माणसं हसत हसत घरी गेली, गावाची एकी झाली म्हणून. असली एकी. मला अजून चीड येते.

वाळीत टाकणं म्हणजे काय, हे आताच्या पोरांना कळायचं नाही. विहिरीवर पाणी नाही. चुलीला विस्तव नाही. लावणीला हात नाही, आजाऱ्याला औषध नाही, मेल्यावर खांदा नाही. कुणी शब्द बोलायचा नाही. आणि जो बोलेल, तोही वाळीत.

दुसऱ्या दिवशी सुभी नेहमीसारखी शाळेत आली आणि आपल्या पट्टीखाली उभी राहिली. तिला पाहून आया धावत आल्या आणि आपापल्या पोरांना बखोटीला धरून ओढून नेऊ लागल्या. बघता बघता भिंत रिकामी झाली. मास्तर दारात आडवे उभे राहिले, पण ते किती जणांना अडवणार? शेवटी सुभीनं पाटी उचलली आणि मास्तरांसमोर येऊन उभी राहिली.

‘मी नाय आले तर तुमची शाळा भरंल,’ ती म्हणाली. ‘मी नाय येत.’

ती गेली तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून उभे होते, आणि रडत होते.

शाळा परत भरली. छडी पट्ट्यांवरून फिरू लागली आणि मध्यमाशी आली. मास्तर थांबले. पोरांना म्हणाले, ‘तिची जागा तिचीच. तिचा सूर जेवढा वेळ, तेवढा वेळ गप्प राहायचं. मग पुढं.’ आणि पोरं गप्प राहायला शिकली. सूर लावायला शिकण्यापेक्षा ते कठीण गेलं, असं म्हणतात.

गावकर शाळेत आले. त्यांचा नातू वसू पेटीत होता, सगळ्यात धाकटा, भिंतीच्या टोकाच्या पट्टीखाली चिरक्या आवाजाचा. गावकर म्हणाले, मास्तर, हे काय अवलक्षण? चालीत भोक कशाला? दुसरं पोर उभं करा तिथं. मास्तर म्हणाले, करून बघा. गावकरांनी स्वतः पोरं आणून उभी केली. एकाचा पंचम लागला. एकाचा गंधार. एकानं तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. तेव्हा गावकर म्हणाले, तर मग ती पट्टीच पुसा. गड्याला चुना घेऊन पाठवलं. गड्यानं काळ्या पट्टीवर चुना फासला. ओला होता तोवर पांढरा दिसला, वाळल्यावर काळी पट्टी परत वर आली. पुन्हा फासला, पुन्हा आली. काजळीवर चुना चढत नाही असं आताचे शहाणे सांगतील. शेजारच्या काळ्या पट्टीवर मात्र चुन्याचे शिंतोडे उडाले होते, ते कायमचे बसले.

मग ते भोक शाळेबाहेर पडलं. पोरं घरी जात्याजवळ बसून तीच चाल गुणगुणायची आणि मध्येच गप्प व्हायची. आईच्या ओवीतही ती गप्प जागा आली. भजनाला बसलेली माणसं मध्यमाशी आली की चाचरायची. देवळाच्या घंटेचा नाद मध्ये तुटायला लागला. गुरांच्या गळ्यातल्या घाटी वाजायच्या, पण त्यांतला एक आवाज गायब. कोकीळ कुहू करताना मधला सूर गिळायचा. गावातून मध्यम गेला, असं म्हणतात. गावाला पाळण्यात तान्ही पोरं निजवता येईनात, कारण अंगाई मध्येच थांबायची आणि पोर टक्क जागं व्हायचं. मी म्हणतो, एवढं सगळं झालं असेल का? पण थोडं तर झालंच असेल. ज्याला आपणच घालवलं, त्याची जागा कानाला कळतेच.

पलीकडे धाकूच्या घरी कसे दिवस गेले, ते देवीलाच ठाऊक. पावसात छप्पर उडालं तेव्हा तिघांनीच शाकारलं. लावणी तिघांनीच केली. पाणी पऱ्याचं प्यायचे. सुभी दुपारी पऱ्याच्या काठाला येऊन बसायची. शाळेची चाल तिथपर्यंत यायची. मध्यमाची गप्प जागा आली की ती तिकडून आपला सूर लावायची. पण मध्ये पऱ्या खळाळत वाहायचा. इकडे काही ऐकू येत नसे, आणि कुणी ऐकतं का हे तिला कळत नसे. तरी ती लावायची.

वर्ष फिरलं. शिमगा आला. त्या साली थंडी संपायच्या आतच पऱ्या आटला होता.

पालखी उतरून धर्मशाळेसमोर आली आणि रितीप्रमाणे टेकली. दोन्ही वाड्या हजर होत्या. गावकरांनी मास्तरांना सांगितलं, पोरांकडून देवीपुढे नमन वाजवून घ्या. पोरं भिंतीखाली उभी राहिली. मास्तरांची छडी फिरली. सा, रे, ग. मग छडी काळ्या पट्टीवर थांबली आणि सगळी पोरं गप्प राहिली. त्या शांततेत पऱ्याच्या पलीकडून, कोरड्या दगडगोट्यांवरून, बारीक, सरळ मध्यम आला.

सगळ्या गावानं ऐकला. कुणी कुणाकडे बघेना.

मास्तरांनी छडी पुढच्या पट्टीला लावली. पंचमाचं पोर गप्पच. त्यांनी परत लावली. पोर गप्पच. त्याच्या पुढचं पोर गप्प. मास्तरांच्या छडीला पोरांनी दाद दिली नाही, असं त्यांच्या हयातीत एकदाच झालं, ते तेव्हा. मग भिंतीच्या टोकाचा वसू, गावकरांचा नातू, आपली पट्टी सोडून पुढं आला. म्हणाला, ‘मास्तर, मी सुभीला घेऊन येतो.’ आणि चालायला लागला. त्याच्यामागे काळी पाच निघाली. मग पांढरी सहा. मग सगळी पेटीच उतारावरून खाली चालायला लागली. ज्या क्रमानं उभी होती, त्याच क्रमानं, एक सडावाडीचं, एक तळवाडीचं, परत सडावाडीचं. मास्तर छडी घेऊन रिकाम्या भिंतीपाशी एकटे राहिले. त्यांनी हे शिकवलेलं नव्हतं. शिकवलं असतं तर पोरांनी केलं नसतं, मला विचाराल तर.

पोरं पऱ्या ओलांडून धाकूच्या अंगणात गेली, सुभीशी बोलली आणि तिथंच बसली.

मागून गाव धावत आलं. पण धाकूच्या गडग्याशी येऊन थांबलं. पुढं कसं जाणार? आया हाका मारायला लागल्या. पोरं जागची हलली नाहीत. शेवटी गर्दी बाजूला झाली आणि गावकर पुढं आले. गडग्याच्या अलीकडून त्यांनी नातवाला हाक मारली, वसू, चल घरी. वसू उठला, गडग्यापर्यंत आला, आणि अलीकडे न येता उभा राहिला.

‘आजोबा, बोलू नका आमच्याशी,’ तो म्हणाला. ‘आम्ही वाळीत हाव. बोललात तर तुम्हीपण व्हाल.’

चिडवायला नव्हता बोलला. पोर सहा वर्षांचं, त्याला आजोबाची खरंच काळजी होती. रीत गावकरांचीच होती. रितीप्रमाणे आता गावातली सगळी पोरं वाळीत. एकही घर सुटलं नव्हतं. दोन्ही वाड्यांच्या आयांनी गावकरांकडे पाहिलं, आणि त्या बघण्यात मानाचा म सुद्धा नव्हता. तेव्हा कुणीतरी हुंदका दिला आणि मग सगळ्याच रडायला लागल्या.

आत्माराम गावकरांनी पायातल्या वहाणा काढल्या. गडगा ओलांडला. अंगणात गेले आणि ओट्याच्या कडेवर बसले. दारात जानकी उभी होती. ते तिला म्हणाले, ‘जानके, तांब्याभर पाणी दे प्यायला.’

आमच्याकडे याचा अर्थ सगळ्यांना कळतो. ज्या घरचं पाणी गावकर पितो, ते घर गावात असतं. जानकीनं पऱ्यातल्या झऱ्याचं पाणी आणलं. ते त्यांनी सगळं प्यायलं. पण धाकू खांबाला टेकून तसाच उभा होता. वर्षभरात तो घराबाहेरच्या कुणाशी बोलला नव्हता.

‘गावकर,’ तो म्हणाला, ‘पालखी परत कलली तर मी परत खांदा देणार. आत्ताच सांगून ठेवतो. नंतर बैठका नकोत.’

गावकरांनी रिकामा तांब्या ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, ‘दे.’

सुभी दाराआड होती. तिला कुणी ओढून आणलं नाही. ती आपली आली आणि रांगेत तिसऱ्या सुराच्या पुढं, पाचव्याच्या मागं, रिकाम्या जागेत उभी राहिली. पोरांनी तिथंच, अंगणात, न छडी न भिंत, नमन म्हटलं. तोवर मास्तर धापा टाकत उतरून आले होते. सुभीचा मध्यम लागला तेव्हा वर देवळातली घंटा कुणी हात न लावता वाजली, असं म्हणतात. मास्तर सात वेळा शिंकले, असंही म्हणतात. ते रागानं नसावं.

पुढं मास्तरांची बदली झाली. गावानं अर्ज केले, विनवण्या केल्या, दोन्ही वाड्यांनी मिळून, पण सरकार ऐकतं होय? ज्या होडीनं आले त्याच खाडीनं गेले. कुठं गेले, कुठं वारले, माहीत नाही. पलीकडची दोन-तीन गावं सांगतात की ते त्यांच्याच गावात वारले. सांगू देत. भिंत आमच्याकडे आहे.

भिंत अजून आहे. धर्मशाळा पडली, नवी शाळा झाली, पण ती भिंत तशीच ठेवून पुढं बांधकाम केलं. दर साली शिमग्याआधी पोरं तिला चुना-काजळी लावतात. गावात कुणालाही वाळीत टाकायचं नाही, हा विषय गावकीपुढे आणायचासुद्धा नाही, हे आत्माराम गावकरांनी त्याच साली देवीपुढे नारळ ठेवून ठरवलं. भांडणं होतात, भरपूर होतात, ती बंद झाली असं मी म्हणणार नाही. पण पालखी आता पहिली शाळेपुढं येते. तिथं ती टेकवत नाहीत. खांद्यावरच ठेवतात. कारण पेटीमास्तरांच्या नावानं एक गोष्ट व्हायची असते. पोरं गावाकडे नजर फिरवतात आणि सांगतात की कुठल्या घरचं कुणी आलेलं नाही. आणि मग पोरंच जाऊन त्यांना घेऊन येतात. तोपर्यंत ढोल वाजत नाही आणि पालखी हलत नाही.

मागल्या साली सगळी घरं आली होती. गावकरांच्या खापरपणतूनं टिपरी उचलली. तेवढ्यात एक पोरगी म्हणाली, नेपाळी नाही आला. सड्यावरच्या आंब्याच्या बागेत राखणीला एक नेपाळी राहतो, बायको आणि एक मुलगी आहे. येऊन चार महिने झाले होते. कुणीतरी म्हणालं, अगं, ते कुठं आपल्या गावचे? पोरगी म्हणाली, मग कुठले? झालं, पोरं निघाली सड्यावर. बाग लांब, चढ उभा. नेपाळ्याला काही कळेना, तो घाबरला, बायकोनं दार लावून घेतलं. पोरांनी हातवारे करून समजावलं. तिघं खाली आल्यावर त्यांच्या मुलीला सूर बघून पट्टी द्यावी लागली, तिला आधी हसू येत होतं, मग लाज, त्यात आणखी वेळ गेला. सूर्य खाडीकडे उतरला. पालखी खांद्यावर. खांदेकरी घामानं निथळत होते, खांदे बदलत होते. आता खांदा कुणीही बदलतो, मानकरी असो नसो. माझाही खांदा होता त्यात, म्हणून सांगतो, हाडं बोलायला लागतात. आमची माणसं कसली सोशिक, चांगल्या कचकचीत शिव्या घालत होती. मास्तरांना, पोरांना, नेपाळ्याला, देवीलासुद्धा.

शिव्या घालत होती, पण थांबली होती.